पोपडे पडलेला स्लॅब, तडकलेला कॉलम: दुरुस्त होईल की पाडावा लागेल, हे कसं ठरवायचं

छताचा खपला पडला की पहिला फोन गवंड्याला जातो. गवंडी येतो, वर बघतो, "एक गोणी सिमेंट, दिवसभराचं काम" म्हणतो आणि संध्याकाळी गिलावा करून निघतो. दोन पावसाळे उलटले की तोच खपला दुपटीने मोठा होऊन खाली येतो, आणि या खेपेला गजही उघडा पडतो. मराठवाड्यात वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेली घरं, शाळाखोल्या आणि खतांची गोदामं यांत हा प्रकार सर्रास दिसतो. गवंड्याला दोष देऊन फायदा नाही, कारण त्याला विचारलेलं असतं "हे बुजवायचं कसं?"

विचारायला हवं ते वेगळं. हे पडलं कशाने? आत गज किती उरलाय? आणि हा भाग कुणाचं वजन पेलतोय? तिन्हींची उत्तरं हातात आल्याशिवाय दुरुस्ती की पाडकाम हे ठरत नाही. त्यातली पहिली दोन घरमालक किंवा हुशार मिस्त्री स्वतः बऱ्यापैकी शोधू शकतो. त्यासाठी अर्धा किलोची हातोडी, खडू, बॅटरी, टेप, सुतळी, तारेचा ब्रश आणि व्हर्नियर कॅलिपर एवढं पुरतं. शेवटचं गणित मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. नकाशा पास करून देणारा आणि सळईचा हिशोब करणारा माणूस एकच असेल असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

आधी हे बघा: आज रात्री या छताखाली झोपायचं का?

पुढच्यापैकी एक जरी खूण दिसली तरी तपासणी बाजूला ठेवा आणि खोली रिकामी करा.

- कॉलमचे उभे गज बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखे वाकलेत, किंवा कॉलममधून तिरकी चीर आरपार गेली आहे.
- बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, साधारण ४५ अंशांत तिरकी चीर आहे आणि तिच्यात नख शिरतंय.
- गॅलरी किंवा रुंद छज्ज्याच्या वरच्या अंगाला, भिंतीला समांतर चीर गेली आहे.
- दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्या आहेत, किंवा एकाच जागेवरून रोज बारीक भुगा पडतोय.

टेकू लावताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पहिल्या मजल्याच्या छताला टेकू दिला जातो, पण त्याच्या बरोबर खाली, तळमजल्यात, काहीच नसतं. मग वरचा सगळा भार खालच्या स्लॅबवर येतो. टेकू एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत न्यायचे, आणि शेवटच्या टेकूखाली जाड फळी टाकायची. दुसरी चूक म्हणजे खोलीच्या मधोमध एकच जॅक लावून तो करकचून आवळणं. स्लॅबच्या मध्यभागी वरच्या अंगाला गज नसतो. तिथे खालून रेटा दिला तर वरून नवी चीर पडते. ३ ते ४ फुटांवर रांगा लावा, वर आडवी फळी घ्या, आणि जॅक हाताने घट्ट होईल इतकाच फिरवा. स्लॅब उचलायचा नाहीये, फक्त धरून ठेवायचा आहे.

गॅलरीचं थोडं वेगळं असतं. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य गज खाली असतो, तर बाहेर झुलणाऱ्या गॅलरीत तो वर असतो. स्लॅब टाकताना घमेली घेऊन मजूर त्याच गजांवरून चालतात आणि गज दबतो. ५ इंची गॅलरीत वरचा गज दीड इंच खाली दबला तर ताकद साधारण ४० टक्क्यांनी घटते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून गॅलरीच्या खालच्या अंगाचा गिलावा पडला तर एवढं घाबरायचं कारण नाही. वरची चीर दिसली की मात्र ती बुजवायच्या भानगडीत पडू नका. ती गॅलरी बहुतेक वेळा कापून नवीन करावी लागते, नाहीतर खालून लोखंडी ब्रॅकेटचा आधार द्यावा लागतो.

कारण शोधा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात

खडूने खराबीच्या कडा आखा, तारीख लिहा, शेजारी टेप धरून फोटो काढा. मग वर जाऊन त्या जागेच्या बरोबर वर काय आहे ते बघा. न्हाणीघर, मोरी, पाण्याची टाकी, गच्चीचा उतार संपतो तो कोपरा, यांपैकी काही निघालं तर निम्मं कोडं सुटलं. त्यातही टाकी आधी तपासा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ओव्हरफ्लोचं पाणी वर्षानुवर्षं त्याच जागी मुरत राहतं.

गच्चीवरचे थरही मोजा. गळती थांबत नाही म्हणून दर चार-पाच वर्षांनी आणखी एक कोबा टाकायची पद्धत आहे. एक इंच जाडीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ५० किलो. घरगुती खोलीसाठी माणसं, सामानसुमान धरून चौरस मीटरला २०० किलोंचा भार हिशोबात घेतलेला असतो. म्हणजे चार इंच जादा थर साठले की तेवढाच दुसरा भार कायमचा डोक्यावर बसला. अशा छताखाली चीर बुजवण्यापेक्षा वरचे थर काढणं हीच पहिली दुरुस्ती.

आता आपल्या भागातली खास कारणं.

*बोअरचं खारं पाणी.* गंज दोन वाटांनी येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरतो आणि त्याचा अल्कपणा कमी करतो. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो आणि त्यात गज सुरक्षित राहतो. सामू ९ च्या आसपास आला की गजाचं संरक्षण संपतं. ही वाट संथ असते. दुसरी वाट क्लोराइडची, म्हणजे खारेपणाची. बांधकामाच्या वेळी काँक्रीट खाऱ्या पाण्यात कालवलं असेल तर विष पहिल्या दिवसापासून आतच असतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातलं क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. घर बांधताना वापरलेली बोअर अजून चालू असेल तर एक लिटर पाणी बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. खर्च किरकोळ आहे, आणि या एका आकड्यावर पुढचे कित्येक हजार रुपये ठरतात.

*उन्हाळ्यातलं बांधकाम.* पाणीटंचाईत, मे महिन्यात टाकलेल्या स्लॅबवर तीन दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं, ही जुनीच गोष्ट. उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस पाणी हवं. ते मिळालं नाही की वरचा इंचभर थर सच्छिद्र राहतो. नेमका तोच थर गजाचं कव्हर, म्हणजे गज झाकणारं काँक्रीट, असतो.

*काळी माती.* ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलक्या पायाचं घर तिच्यासोबत वर-खाली होतं. अशा घराच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात. मे महिन्यात त्या उघडतात, सप्टेंबरात मिटल्यासारख्या होतात. या चिरेत इपॉक्सी भरलं तर चीर शेजारून नवी वाट काढते. दुरुस्ती मातीची करायची. पन्हाळीचं आणि मोरीचं पाणी पायापासून दूर न्या, घराभोवती ३ ते ४ फूट रुंद उताराची फरसबंदी करा, पायाला खेटून मोठं झाड ठेवू नका. दोन पावसाळे चीर हलली नाही, तरच ती भरा.

*खताची पोती.* हे कारण बाहेरच्या इंजिनिअरच्या लक्षात सहसा येत नाही. गोदामात किंवा घरच्याच खोलीत कॉलमला टेकून पोत्यांची थप्पी लावलेली असते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे सरळ पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे गजाला लागणारं तेच मीठ. अमोनियम असलेली खतं तर सिमेंटवरच हल्ला करतात. फुटलेल्या पोत्यातून सांडलेलं खत हवेतली ओल धरतं आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत कॉलम बुडातून खातं. वरचा कॉलम ठणठणीत, खालचे दोन फूट बोटाने उकरले तरी भुगा होतो, असं चित्र दिसलं की खोलीत आजवर काय साठवलं होतं ते विचारा.

जिनिंग किंवा कापसाच्या गोदामात आग लागली असेल तर रंगावर फार विसंबू नका. साधारण ३०० अंशांच्या पुढे काँक्रीट गुलाबी होतं असं सांगतात आणि ते बऱ्याच ठिकाणी खरंही आहे. पण आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, तिच्यात हा गुलाबीपणा नीट दिसत नाही. जळक्या इमारतीचा निर्णय कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढल्याशिवाय घेऊ नये.

चीर वाचायला शिका

प्रत्येक चिरेचा आकार काहीतरी सांगत असतो. स्लॅबखाली सरळ, एकमेकींना समांतर, ५-६ इंचांच्या अंतराने चिरा असतील तर त्या गजावरून धावतायत आणि आत गंज धरलाय. गंजाला मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा लागते, म्हणून तो कव्हर फोडून बाहेर येतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा वरवरच्या असतात, त्या पाणी कमी मारल्याच्या. वीटकाम आणि कॉलम-बीम यांच्या सांध्यावरची सरळ रेघ तर फक्त गिलाव्याची असते, तिच्यासाठी झोप घालवू नका. बीमच्या मध्यभागी खालून वर जाणाऱ्या केसासारख्या उभ्या चिरा ०.३ मिलिमीटरपर्यंत असतील तर चालतात. त्याच बीमच्या टोकाची तिरकी चीर मात्र वर सांगितलेल्या यादीतली आहे.

रुंदी मोजायला महागडं साधन नको. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो. तीन कागद एकत्र धरून चिरेत सरकले तर चीर ०.३ च्या वर. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायचा फिलर गेज मिळाला तर उत्तमच.

चीर जिवंत आहे की थांबलेली, हे पाहायला तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने चिकटवा. गिलाव्यावर नाही, गिलावा खरवडून खालच्या काँक्रीटवर. पट्टीवर तारीख टाका. काच तडकली तर चीर चालू आहे. मातीचा संशय असेल तर हे निरीक्षण एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालू द्या. महिनाभरात निष्कर्ष काढला तर तो चुकण्याचीच शक्यता जास्त.

स्लॅब झोळ खाऊन बसलाय असं वाटत असेल तर बीमपासून बीमपर्यंत सुतळी ताणा आणि मधलं अंतर मोजा. नियमाने उतरण गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५० व्या भागापर्यंत मान्य आहे, म्हणजे १२ फुटी गाळ्याला साधारण १४ मिलिमीटर. त्याहून जास्त झोळ असेल पण खाली एकही चीर नसेल, तर बहुधा स्लॅब टाकतानाच सेंट्रिंग बसलं होतं. झोळही आहे आणि चिराही, हे मात्र गंभीर.

हातोडी फिरवा

आता खरं काम. शिडीवर चढून, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा घालून, संपूर्ण छत अर्ध्या-अर्ध्या फुटावर हलक्या हाताने ठोका. निरोगी काँक्रीट खणखणीत वाजतं. आत पापुद्रा सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो, रिकाम्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. बद्द वाजणारा भाग खडूने आखत चला. आखणी संपली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण पडलेला खपला दोन चौरस फुटांचा असतो आणि आखलेला भाग वीस चौरस फुटांचा निघतो. कंत्राटदाराचा भाव या वीस फुटांवर घ्यायचा.

एक काळजी घ्या. आधी फक्त गिलावा सुटला असेल तरीही आवाज बद्दच येतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी वीतभर गिलावा काढून खालचं काँक्रीट वेगळं ठोका. खालून खणखणीत आलं तर तुमचं काम गिलाव्यावरच भागलं.

गज उघडा आणि मोजा

बद्द वाजणाऱ्या भागात तीन जागा निवडा: एक सगळ्यात वाईट दिसणारी, एक गाळ्याच्या मध्यावर, एक भिंतीजवळ. छन्नीने कव्हर काढून फूटभर गज उघडा करा. तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. त्यावर उठलेला गंजाचा पापुद्रा मोजण्यात येऊ देऊ नका, नाहीतर ८ चा गज १० चा वाटतो. मग व्हर्नियरने तीन-चार जागी व्यास मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

इथे डोळा फसतो. मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतो, पण ताकद व्यासाच्या वर्गावर जाते. ८ चा गज ७ वर आला तर २३ टक्के लोखंड गेलं. ६ वर आला तर ४४ टक्के. १२ चा ११ झाला तर १६ टक्के, १६ चा १५ झाला तर १२. कॉलमची ६ मिलिमीटरची रिंग ५ वर आली की ३१ टक्के गेलं. रिंग सगळ्यात बाहेर असते आणि सगळ्यात बारीक असते, म्हणून ती आधी संपते. रिंग तुटली की उभ्या गजांना बांधून ठेवणारं काही राहत नाही आणि ते भाराखाली बाहेर वाकतात. कॉलम तपासताना जाड गज बघून समाधान मानू नका, रिंगा मोजा.

गंजाचा रंगही बोलतो. तपकिरी, पापुद्र्यांचा, सगळीकडे सारखा पसरलेला गंज असेल तर बहुधा कार्बन डायऑक्साइडची वाट. काळपट-हिरवट, ओलसर गंज आणि गजात खोल खड्डे असतील तर खारेपणाची. खड्ड्यांचा गंज फसवा. बाजूचा गज पूर्ण जाडीचा दिसतो आणि एका जागी निम्मा खाल्लेला असतो.

जुन्या घरांत पीळ दिलेला टॉर गज सापडतो. त्याची ताकद थंड अवस्थेत पिळण्यातून आलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती जाते. टॉरला नवा गज वेल्ड करू देऊ नका. तारेने बांधून जोड द्या.

फिनॉल्फ्थॅलिनची पिचकारी

शाळा-कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागणारं १ टक्का फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण साहित्याच्या दुकानात मिळतं. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटच्या कडेवर, धूळ फुंकून, ते फवारा. गर्द गुलाबी झालं तो भाग शाबूत. रंग आला नाही तो भाग कार्बनने निकामी केलेला. कडेपासून बिनरंगी पट्टी किती खोल आहे ते मोजा आणि गजाच्या कव्हरशी ताडून पाहा. कव्हर २० मिलिमीटर आणि बिनरंगी थर ८ मिलिमीटर असेल तर गंजाचं कारण दुसरंच आहे. थर २५ असेल तर गजाभोवतीचं संरक्षण संपलंय, आणि न पडलेल्या भागातही येत्या काही वर्षांत हेच होणार.

फोडून तासभर झालेल्या जागेवर फवारू नका, आणि ड्रिलची धूळ कडेवर बसलेली असताना तर नाहीच. आतली धूळ बाहेर पसरते आणि सगळंच गुलाबी दिसतं. ही चाचणी खारेपणा दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्यासाठी ड्रिलने १०-२०, २०-३० आणि ३०-४० मिलिमीटर खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा करून प्रयोगशाळेत द्यावी लागते. काँक्रीटच्या घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइड ही नव्या बांधकामाची मर्यादा आहे. आतल्या खोलीवरही आकडा तितकाच मोठा आला तर मीठ बाहेरून आलेलं नाही, कालवतानाच पडलंय.

यंत्राच्या चाचण्या कधी

एक-दोन खोल्यांच्या छतासाठी वरचं पुरतं. कॉलम गुंतलेले असतील, शाळा-दवाखाना असेल, किंवा वर आणखी मजला चढवायचा असेल तर चाचण्या हव्यात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी संस्था यांसारख्या ठिकाणच्या सिव्हिल विभागात चौकशी करता येते.

रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून, उसळीवरून ताकद अजमावणारं यंत्र) स्वस्त आणि पटकन होतो, म्हणून सगळे तोच सुचवतात. त्याचा अंदाज २५ टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. शिवाय कार्बन लागलेला जुना पृष्ठभाग वरून कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगून येतो. एकट्या हॅमरच्या रिपोर्टवर "काँक्रीट उत्तम" असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मानू नका. अल्ट्रासोनिक चाचणीत लहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं समजतात, ३ च्या खाली शंकास्पद. अंतिम शब्द कोअरचा. किमान तीन कोअर काढायचे. आयएस ४५६ प्रमाणे त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. ९ इंची कॉलममधून कोअर काढू देऊ नका, तेवढ्या भोकाने कॉलमचाच जीव जातो. बीमच्या कमी ताणाच्या भागातून काढा.

आता निर्णय

पुढचे आकडे काम करणाऱ्यांचे ठोकताळे आहेत. इंजिनिअरच्या हिशोबाने ते थोडे हलतील.

स्लॅबमध्ये लोखंड १० टक्क्यांपर्यंत गेलंय, बद्द भाग एक चतुर्थांशापेक्षा कमी आहे आणि पाण्याचा उगम बंद करता येतोय: साफ करून, पॉलिमर मॉर्टरने (लेटेक्स मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने) कव्हर परत द्या. असं काम नीट केलं तर बरीच वर्षं टिकतं.

लोखंड १० ते २५ टक्के गेलंय: जुन्या गजाशेजारी जादा गज बांधून मग मॉर्टर. जोड गंजलेल्या भागात देऊन उपयोग नाही. नवा गज दोन्ही बाजूंना शाबूत गजावर व्यासाच्या ५० पट चढला पाहिजे, म्हणजे ८ च्या गजाला ४०० मिलिमीटर.

२५ टक्क्यांच्या पुढे, तेही गाळ्याच्या मधल्या भागात आणि अनेक गजांत, किंवा निम्म्याहून जास्त छत बद्द वाजतंय: तो गाळा तोडून नवीन टाकणं बहुतेक वेळा स्वस्त आणि पक्कं पडतं. स्लॅब तोडायचा म्हणजे घर पाडायचं असं नाही. बीम-कॉलम शाबूत असतील तर बीममधून आलेले गज लॅपपुरते (नव्या गजाला जोड देण्यापुरते) ठेवून तेवढाच गाळा नव्याने टाकता येतो. हा मधला मार्ग घरमालकांना कुणी सांगत नाही.

सगळ्या काँक्रीटमध्ये मीठ आहे असं निघालं तर ठिगळं लावू नका. नवा, स्वच्छ तुकडा शेजारच्या खाऱ्या भागाशी जोडला की गंज ठिगळाच्या कडेबाहेर सरकतो आणि आणखी वेगाने धावतो. दोन-तीन वर्षांत ठिगळाभोवती कड्यासारखे खपले पडतात आणि दोष मिस्त्रीवर येतो.

कॉलमला ही सूट नाही. स्लॅबचा एक गाळा गेला तर एक खोली जाते, कॉलम गेला तर त्याच्यावरचं सगळं. रिंगा तुटल्या असतील किंवा काँक्रीटची ताकद चौरस मिलिमीटरला १० न्यूटनच्या आसपास आली असेल तर गिलावा नाही, जॅकेटिंग: सर्व बाजूंनी १०० मिलिमीटर नवं काँक्रीट, नवे गज, नव्या रिंगा. जॅकेट फरशीपासून सुरू करणं ही नेहमीची चूक. ते पायाच्या फुटिंगपासून उठलं पाहिजे, नाहीतर नवे गज हवेत उभे. तळमजल्याचे एक-दोन कॉलम असे असतील तर दुरुस्ती होते. निम्मे तसे असतील तर इमारतीचाच विचार करायची वेळ आली.

लातूर-धाराशिवकडे आणखी एक गोष्ट बघा. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हा भाग भूकंप नकाशात वरच्या, तिसऱ्या विभागात गेला. मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसरालाही ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तुमचा स्लॅब कॉलमवर आहे की मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर, हे गिलावा उकरून खात्री करा. दगड-मातीच्या भिंतीवर आरसीसी छत असेल तर छताची दुरुस्ती हा दुय्यम प्रश्न आहे. आधी त्या भिंतीचं काय करायचं ते ठरवा.

दुरुस्ती ठरली तर काम असं उतरवून घ्या

बद्द भागाच्या कडा ग्राइंडरने १० मिलिमीटर खोल, सरळ कापून घ्या. कडेला शून्यावर येणारा पातळ थर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. गजाच्या मागे बोट फिरेल इतकं, किमान २० मिलिमीटर, काँक्रीट काढा आणि गंज संपल्यावरही पुढे ५० मिलिमीटरपर्यंत गज उघडा करा. गंज घालवणारं रसायन फासलं म्हणजे घासायची गरज नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चकचकीत करा आणि त्याच दिवशी झिंक प्रायमर लावा.

मॉर्टरसाठी ५० किलोच्या एका गोणीला १५० किलो चाळलेली, धुतलेली वाळू आणि साडेसात ते दहा लिटर एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधाळ रबरी द्रावण). पाणी अगदी बेताचं, मूठ वळेल इतकं. एवढ्यात २५ मिलिमीटर जाडीने साधारण साडेतीन चौरस मीटर काम होतं, वाया जाणारं वेगळं. क्रश सँड वापरत असाल तर तिच्यातली पूड धुऊन काढा.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती बाँडिंग कोटवर. जुनं काँक्रीट आदल्या दिवशी भिजवा, लावताना ते ओलसर असावं पण वर पाणी चमकायला नको. लेटेक्स-सिमेंटचा कोट ब्रशने फासा आणि तो चिकट असतानाच मॉर्टर दाबा. एप्रिल-मेच्या दुपारी हा कोट पंधरा-वीस मिनिटांत सुकतो. सुकलेल्या कोटवर मॉर्टर चढवलं की तो चिकटवायचं सोडून घसरपट्टीचं काम करतो. एका वेळी हाताच्या आवाक्यातला चौरस मीटरच घ्या. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काम आटपा. छताखाली एका थरात १०-१२ मिलिमीटरच चढवा, पहिला ओढला की दुसरा. ५० मिलिमीटरच्या पुढे जाडी हवी असेल तर हाताने न भरता फॉर्म (साचा) लावून मायक्रो काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ वाहणारं काँक्रीट, ओता. पहिले दोन दिवस ओलं गोणपाट, मग सावलीत हळूहळू सुकू द्या. टेकू इंजिनिअर सांगेपर्यंत हलवू नका.

भाव ठरवताना गोण्यांवर ठरवू नका. प्रत्यक्ष तोडलेल्या भागाच्या चौरस फुटावर ठरवा. जादा गज किलोवर वेगळा आणि टेकू वेगळे लिहून घ्या. तोडकाम झाल्यावर, मॉर्टर लागायच्या आधी, गजांचे फोटो आणि मापं घ्या. शेवटचा हप्ता २८ दिवसांसाठी रोखून ठेवा. त्या दिवशी तीच अर्धा किलोची हातोडी घेऊन पुन्हा सगळं छत ठोका. जिथे बद्द वाजेल तो तुकडा काढून परत करून घ्या, आणि मगच पैसे चुकते करा.